विंचवाचा दंश आणि हृदयावरील घाला

चैत्र-वैशाखाचे दिवस आले की आमच्या कारापूर-साखळीच्या पट्ट्यात घरोघर एकच धांदल उडते. पावसाळ्याच्या चार महिन्यांचे पुरुमेंत भरावयाचे असते. मीठ, सुकी मासळी, मिरच्या, कोकम सोले ह्यांची तजवीज करावयाची असते. रचून ठेवलेली लाकडे पडवीत आणून ओळीने लावावयाची असतात. नारळाची सोडणे गोळा करावयाची असतात. आणि ज्यांच्या घरांवर अजून कौले आहेत त्यांना पाऊस उतरण्यापूर्वी ती परतून घ्यावी लागतात. वर्षभर कोणी हात न लावलेल्या कोपऱ्यांना ह्या दिवसांत हात लागतो आणि त्या कोपऱ्यांत वर्षभर निवांत राहिलेला एक प्राणीही मग बाहेर पडतो. तो म्हणजे विंचू.

विंचू चावला म्हणजे काय होते, हे आमच्या वाचकांना सांगण्याचे कारण नाही. संत एकनाथांनी त्यावर भारूड रचले ते उगाच नव्हे. ती वेदना सोसलेला माणूस महाराष्ट्रात व गोमंतकात गावोगाव सापडतो. परंतु आमच्या लोकांची समजूत अशी की विंचवाचा दंश म्हणजे केवळ वेदना. रात्रभर तळमळावे, सकाळी उतार पडावा आणि आठ दिवसांनी ती गोष्ट हसत सांगावी. शंभरांतील बहुसंख्य दंशांच्या बाबतीत ही समजूत खरीही ठरते. जे थोडे दंश उरतात, त्यांच्याविषयी आज आम्हांला लिहावयाचे आहे. कारण त्या दंशांत विष बोटातच राहत नाही, ते हृदयावर चालून जाते. निरोगी, खेळते-बागडते मूल, ज्याला हृदयविकार म्हणजे काय हेही ठाऊक नाही, अशा मुलाचे हृदय काही तासांत थकते, फुप्फुसांत पाणी भरते आणि पहाट होण्यापूर्वी सारे संपते. हे टाळता येते. ते टाळण्याचा मार्ग आमच्याच कोकणात, महाडच्या एका डॉक्टराने शोधून काढला आणि सगळ्या जगाला दिला.

प्रथम हृदयाच्या झटक्याविषयी दोन शब्द. हृदयविकाराचा झटका म्हटला की आमच्या डोळ्यांसमोर पन्नाशी-साठीचा, मधुमेह किंवा रक्तदाब असलेला, विडी-सिगारेट ओढणारा मनुष्य येतो. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या नाड्यांत वर्षानुवर्षे चरबीचा थर साचतो, एके दिवशी तो फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी जमते आणि पुढच्या स्नायूला रक्त मिळेनासे होते. बहुतेक झटके ह्याच कारणाने येतात. परंतु ज्यांत नाड्या स्वच्छ असूनही हृदयाच्या स्नायूला इजा होते, अशीही काही कारणे आहेत. कोणाची नाडी एकाएकी आखडते. कोणा तरुण स्त्रीच्या, क्वचित बाळंतपणानंतरच्या दिवसांत, नाडीचे आतले अस्तर आपोआप फाटते. कोणाला अतिशय दुःखाचा वा भीतीचा धक्का बसतो आणि हृदयाचा खालचा भाग फुगून ढिला पडतो. ह्या शेवटच्या विकाराचे वर्णन जपानी डॉक्टरांनी १९९० साली केले. तेथील कोळी ऑक्टोपस पकडण्यासाठी जे मडके वापरतात, त्याच्या आकाराचे हृदय दिसते म्हणून त्यांनी त्या मडक्याचेच नाव, ताकोत्सुबो, त्या विकाराला दिले. अशा प्रसंगी शरीर स्वतःच ॲड्रिनॅलिन व त्याच्या जातीची द्रव्ये इतकी उधळते की हृदय त्या माऱ्याखाली सापडते, असे डॉक्टर मानतात. विंचवाचे विष नेमके हेच करते. मात्र तेथे धक्का मनाला बसलेला नसतो, मज्जातंतूंना बसलेला असतो.

येथे आमच्या लोकांच्या एका जुन्या गैरसमजाचा उल्लेख करणे अवश्य आहे. भीती वाटते ती इंगळीची. काळी, चार-पाच इंच लांब, खेकड्यासारख्या जाड नांग्यांची इंगळी पाहिली की धीटांचाही थरकाप होतो. ती चावली तर दुखते, सूज येते, परंतु ती सहसा प्राण घेत नाही. प्राण घेणारा तो दुसराच. तांबूस किंवा पिंगट रंगाचा, दोन-तीन इंचांचा, बारीक नांग्यांचा आणि त्या मानाने जाड शेपटीचा लाल विंचू. जाड नांग्यांच्या विंचवाला भक्ष्य दाबून मारता येते. बारीक नांग्यांच्या विंचवाची सारी मदार नांगीतील विषावर असते. हा ठोकताळा सर्वत्र लागू पडतोच असे नव्हे, पण आमच्या भागापुरता तो उपयोगी आहे. म्हणून ‘लहानसाच होता, तांबडा होता’ असे कोणी सांगितले तर निःश्वास टाकू नये. तेथेच सावध व्हावे. कोकणपट्टी, पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र, तमिळनाडू अशा मोठ्या प्रदेशात हा लाल विंचू आढळतो. जांभ्या दगडाच्या भेगा, चिऱ्यांच्या न लिंपलेल्या भिंती, गवताच्या गंज्या, लाकडांचे ढीग ही त्याची आवडती ठिकाणे. आणि आमचे घर म्हणजे बहुधा ह्या सर्वांचा संग्रहच असतो.

आता विष काय करते ते पाहू. मज्जातंतूंतून जो संदेश वाहतो, तो सूक्ष्म दारे उघडून व मिटून वाहतो. सोडियम क्षाराची दारे उघडली की संदेश सुरू होतो. ती मिटली आणि पोटॅशियमची दारे उघडली की थांबतो. लाल विंचवाचे विष सोडियमची दारे मिटू देत नाही आणि पोटॅशियमची काही दारे बुजवून टाकते. परिणामी तंतू थांबतच नाही; एकदा वाजलेली घंटा वाजतच राहावी, तसे होते. ज्या तंतूंच्या ताब्यात घाम, लाळ, आतडी, हृदय व रक्तवाहिन्या आहेत, ते सर्व एकाच वेळी बेभान होतात. प्रथम पोटाच्या बाजूच्या तंतूंचा जोर दिसतो: उलट्या, घामाच्या धारा, लाळ, कधी मंद नाडी. मग मूत्रपिंडांवर बसलेल्या ग्रंथींतून व सर्व शरीरभर पसरलेल्या तंतूंच्या टोकांतून ॲड्रिनॅलिनची व त्याच्या भावंडांची लाट सुटते. हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणून हातपाय बर्फासारखे गार पडतात, रक्तदाब चढतो, त्या आवळलेल्या नळ्यांत रक्त ढकलता ढकलता हृदय दमते. शिवाय त्या द्रव्यांचा अतिरेक हृदयाच्या स्नायूला प्रत्यक्ष विषासारखा बाधतो. हृदयाचा आलेख काढला तर तो पुष्कळदा हुबेहूब झटक्याचा दिसतो, आणि स्नायूला इजा झाल्याची खूण म्हणून जे द्रव्य रक्तात तपासतात तेही वाढलेले आढळते. शेवटी हृदयाला पुढे ढकलता न आलेले रक्त मागे फुप्फुसांत तुंबते. रुग्णाला धाप लागते, खोकल्याबरोबर गुलाबी फेस येतो. त्या फेसापर्यंत गोष्ट गेली म्हणजे वेळ फार थोडी उरलेली असते.

महाडच्या डॉक्टरांची कामगिरी

हे सर्व आज पुस्तकात सापडते. पन्नास वर्षांपूर्वी ते सापडत नव्हते. विंचूदंशानंतर फुप्फुसांत पाणी भरते ही नोंद १९६१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये पी. एम. मुंडले ह्यांनी केली होती. परंतु खेड्यातील दवाखान्यात ह्या ज्ञानाचा उपयोग करावा कसा, हे कोणी सांगितलेले नव्हते. १९७६ साली जालना जिल्ह्यातील देहेड गावचे एक तरुण डॉक्टर, हिम्मतराव बावस्कर, महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. अत्यंत गरिबीतून, मिळेल ते काम करीत त्यांनी शिक्षण घेतले होते. ‘बॅरिस्टरचं कार्टं’ ह्या त्यांच्या आत्मचरित्राचा ज्यांना लाभ होईल त्यांनी तो अवश्य घ्यावा. बिरवाडीला त्यांच्यापुढे विंचूदंशाचे रुग्ण येऊ लागले आणि त्यांतील कित्येक डोळ्यांदेखत मरू लागले. तेव्हाचे उपचार म्हणजे वेदनाशामके, ॲलर्जीची इंजेक्शने, स्टिरॉइड, घाम सुकविण्यासाठी ॲट्रोपिन. ते सर्व दिले जाई आणि तरीही रुग्ण जात.

डॉ. बावस्करांनी जे केले ते मोठ्या उपकरणांनी केलेले नाही, आणि आमच्या मते त्यांच्या कामगिरीतील सर्वांत शिकण्यासारखा भाग तोच आहे. ते रुग्णाच्या खाटेशेजारी बसून राहिले. दर काही मिनिटांनी नाडी, रक्तदाब, हातापायांचे तापमान, श्वास ह्यांची नोंद करीत राहिले. अशा नोंदींतून त्यांच्या ध्यानात आले की मरणाऱ्या रुग्णांत एक ठरलेला क्रम असतो. की वेदना फार असलेला रुग्ण बहुधा वाचतो, आणि ज्याची वेदना फारशी नाही पण अंग घामाने थबथबले आहे, उलट्या होत आहेत, हातपाय गार आहेत, तोच धोक्यात असतो. हृदयावर घाला येण्यापूर्वीच्या ह्या पूर्वसूचना त्यांनी १९८२ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’ ह्या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केल्या. तालुक्याच्या गावी बसलेल्या डॉक्टराचा लेख तेथे छापून यावा, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

निदान झाले, औषध राहिले होते. त्यांनी विचार केला तो असा: रक्तवाहिन्या आवळल्या जाणे हेच अनर्थाचे मूळ असेल, तर त्या सैल करणारे औषध द्यावे. प्रॅझोसिन नावाची रक्तदाबावरील गोळी बाजारात होतीच. ॲड्रिनॅलिन रक्तवाहिनीला ज्या जागी पकडते, तीच जागा ही गोळी अडवून धरते. १९८३ च्या सुमारापासून त्यांनी ती विंचूदंशात वापरण्यास आरंभ केला आणि १९८६ साली त्यांनी व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर ह्यांनी मिळून तिचे अनुभव पुन्हा ‘लॅन्सेट’मधून जगापुढे मांडले. पूर्वी ज्यांच्यात विषबाधेची गंभीर लक्षणे दिसत, अशा शंभरांपैकी सुमारे तीस रुग्ण दगावत. प्रॅझोसिन आल्यावर ते प्रमाण घसरत घसरत शंभरांत एकाच्या आसपास आले. काही पैशांची गोळी, आणि तिच्यामुळे वाचलेल्या मुलांची गणती नाही. २०२२ साली भारत सरकारने डॉ. बावस्करांना पद्मश्री दिली. ती किती उशिरा आली ह्याविषयी आम्ही येथे काही लिहीत नाही.

त्यानंतरही त्यांचे काम थांबले नाही. लाल विंचवाच्या विषावर घोड्याच्या रक्तापासून बनविलेली लस आपल्या देशातच तयार होते. ती व प्रॅझोसिन ही दोन्ही एकत्र द्यावी की प्रॅझोसिन एकटीच पुरे, ह्याची महाड येथे रीतसर परीक्षा घेण्यात आली आणि तिचा निकाल २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. दोन्ही गटांत पस्तीस-पस्तीस रुग्ण होते. दोन्ही उपाय एकत्र दिलेल्या गटातील ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले. केवळ प्रॅझोसिन दिलेल्या गटातील ८ जण तेवढ्या वेळात बरे झाले, बाकीच्यांना अधिक वेळ लागला. म्हणजे लस मिळाली तर दोन्ही द्यावी, लवकर द्यावी. लस नसेल तर प्रॅझोसिनवर विसंबून रुग्णाला पुढे न्यावे.

दंश झाल्यावर काय पाहावे

समजा, रात्री दहाचा सुमार आहे. अंगणात चटईवर निजलेले सहा वर्षांचे मूल एकाएकी किंचाळून उठते. मूल सांगेल तर बरे. लहान असेल तर सांगणारही नाही. जे मूल आत्तापर्यंत ठीक होते, ते अकस्मात रडू लागले, उलटी करू लागले, त्याचा सदरा घामाने भिजला, तोंडातून लाळ येऊ लागली, तर प्रथम अंथरूण झटकून पाहावे. पोटात दुखते आहे, दिष्ट लागली आहे, आंबे बाधले आहेत, असे तर्क करीत बसू नये.

दंशानंतर पहिले चार तास फार महत्त्वाचे. ह्या अवधीत दोन-तीन वेळा उलटी होणे. सर्वांगाला, विशेषतः कपाळाला व छातीला दरदरून घाम सुटणे. हातपाय गार पडणे. मुलगा वा पुरुष असल्यास जननेंद्रियाला आपोआप ताठरपणा येणे. छातीत धडधड होणे. ह्यांपैकी काहीही दिसले तर विष अंगात भिनले असे समजावे. त्या चौथ्या लक्षणाविषयी आमच्या आयाबहिणी संकोचाने बोलत नाहीत, आणि डॉक्टरांनी विचारले तरी मान खाली घालतात. मुलाच्या जिवापुढे असा संकोच धरू नये. डॉक्टरांच्या लेखी तो एक अत्यंत भरवशाचा पुरावा आहे. धाप लागणे, खोकला येणे, आडवे निजता न येणे ही त्यापुढची पायरी होय. वेदना कमी आहे म्हणून मन निश्चिंत करू नये; हे आम्ही वर लिहिले आहे, पण मुद्दाम दुसऱ्यांदा लिहीत आहो. वेदना भयंकर असून दुसरे काहीही नसेल, हातपाय उबदार असतील, तर बहुधा भीतीचे कारण नसते. तथापि लहान मुलाला चोवीस तास नजरेखाली ठेवावेच.

हातपाय गार आहेत की उबदार, हे पाहण्यास कोणतेही यंत्र लागत नाही. आईने आपल्या हाताची पाठ मुलाच्या पावलाला लावावी आणि मग पोटाला लावावी. डॉ. बावस्करांच्या पद्धतीत डॉक्टरही गोळीचा परिणाम ह्याच खुणेवरून जोखतात: हातपाय पुन्हा उबदार होईपर्यंत ती दर तीन तासांनी देतात.

येथे घाड्याची गोष्ट निघणारच. गावात विंचू उतरविणारा कोणी ना कोणी असतो, आणि त्याच्याकडे जाणाऱ्यांत आमचेही लोक असतात, हे आम्हांला ठाऊक आहे. घाडी पुष्कळदा भला माणूस असतो. तो पैसेही फारसे घेत नाही. त्याच्या हाताने उतार पडलेले शेकडो लोक तो दाखवील आणि ते खोटे बोलत नसतील. परंतु त्याचे रहस्य सरळ आहे. दहांतील बहुसंख्य दंश असे असतात की काही न करताही चार-सहा तासांत वेदना ओसरते. मंत्र पुटपुटला काय किंवा रेडिओ लावून ठेवला काय. यश त्या दंशांचे असते. जो एखादा दंश लाल विंचवाचा, पुरते विष सोडलेला असतो, त्याला घाडीही उतरवू शकत नाही, आणि तेथे गेलेले दोन तास कोणी परत देत नाही. दंशापासून उपचारापर्यंत जितका वेळ जातो तितका धोका वाढतो. ज्यांना घाड्याविना चैन पडत नाही, त्यांनी त्याला हवे तर गाडीत शेजारी बसवून इस्पितळात न्यावे. पण गाडी आधी सुरू करावी.

दंशाच्या जागी कापू नये, तोंडाने चोखू नये, दोरी आवळून बांधू नये. ह्यांपैकी एकानेही विष थांबत नाही. फेणीचा घोट देण्याची आमच्याकडे चाल आहे. ती देऊ नये. जागा साबण-पाण्याने धुवावी, मुलाला चालू-धावू न देता उचलून न्यावे, धाप लागली असेल तर उशीला टेकवून बसते ठेवावे आणि १०८ क्रमांकाला फोन करावा. कारापूरच्या माणसाला साखळीचे सरकारी केंद्र जवळ आहे. तेथे पहिली गोळी व पहिली तपासणी होऊ शकते, आणि लक्षणे गंभीर असल्यास पुढे बांबोळीचे गोमेकॉ आहे. रात्र आहे म्हणून सकाळची वाट पाहू नये. ‘सकाळी नेऊ’ ह्या दोन शब्दांनी आमच्या खेड्यांत जितके जीव घेतले, तितके विंचवांनी घेतले नसतील.

प्रॅझोसिन घरी आणून ठेवावी आणि आपणच द्यावी, असे कोणाच्या मनात येईल. तसे करू नये. ही गोळी रक्तदाब उतरविते. पहिल्या मात्रेनंतर मनुष्य उभा राहिला तर भोवळ येऊन कोसळू शकतो. मुलांना ती वजनाच्या दर किलोस ३० मायक्रोग्रॅम ह्या मानाने देतात. हे इतके बारीक प्रमाण आहे की अंदाजाने तुकडा मोडून देण्याचे ते काम नव्हे. शिवाय उलट्या-घामाने शरीरातील पाणी गेलेले असते. तेही भरून काढावे लागते. फुप्फुसांत पाणी उतरलेल्या रुग्णाला तर शिरेतून देण्याची निराळीच औषधे लागतात. ॲट्रोपिनने घाम सुकतो खरा, पण आधीच धावणाऱ्या हृदयाला ते अधिक धावडविते. म्हणून जाणते डॉक्टर आता ते टाळतात.

आणखी एक प्रसंग आहे, ज्यात घोटाळा होण्याचा संभव अधिक. पंचावन्न वर्षांचा गृहस्थ रात्री लाकडे काढताना काहीतरी टोचले म्हणून बोट झटकतो. अंधारात काय ते दिसत नाही. तासाभराने त्याला घाम सुटतो, छाती भरून येते, जीव घाबरा होतो. घरचे म्हणतात, हृदयविकार. आणि ते बरोबरच धावपळ करतात. इस्पितळात आलेख काढला जातो. तोही झटक्यासारखाच दिसतो. आता गुठळी विरघळविण्याचे इंजेक्शन नेहमीच्या झटक्यात प्राण वाचविते, परंतु ज्याच्या नाडीत गुठळीच नाही त्याला ते विनाकारण रक्तस्रावाच्या धोक्यात घालते. येथे डॉक्टरांना वाट दाखवील ती एकच गोष्ट, आणि ती आलेखात नसते: ‘लाकडे काढताना बोटाला काहीतरी टोचले होते.’ ती गोष्ट सांगण्यास कोणी विसरू नये. उलट बाजूही ध्यानात ठेवावी. पूर्वी विंचू चावला होता म्हणून आजची छातीतील कळ विंचवाचीच, असे समजून घरी बसू नये. दोन्ही वाटा इस्पितळाच्याच दाराशी जातात. तेथे गेल्यावर कोणती कोणाची हे डॉक्टर ठरवितील.

गांधीलमाशी किंवा मधमाशी ह्यांच्या दंशानेही क्वचित हृदयाचा झटका येतो, पण त्याची जात वेगळी. तेथे शरीराला त्या विषाचे वावडे असते. अंगावर गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, घसा आवळतो, रक्तदाब घसरतो, आणि त्याच भरात हृदयाच्या नाड्या आखडतात. ग्रीसमधील डॉक्टर कौनिस ह्यांनी १९९१ साली ह्या प्रकाराचे वर्णन केले व त्यांचेच नाव त्याला मिळाले. वावड्याच्या जीवघेण्या झटक्यात डॉक्टर ॲड्रिनॅलिनचेच इंजेक्शन देतात आणि त्यानेच माणूस वाचतो. विंचवाच्या दंशात मात्र ॲड्रिनॅलिनचाच पूर आलेला असतो. म्हणून काय चावले, हे नक्की सांगता आले तर सांगावे. विंचू मारलेला असेल तर बाटलीत घालून न्यावा, नाहीतर मोबाइलवर त्याचे छायाचित्र काढावे. परंतु तो शोधण्यात वेळ दवडू नये.

वेळेवर उपचार झाले तर पुढे काय, असे आईबाप विचारतात. नेहमीच्या झटक्यात हृदयाच्या स्नायूचा जो भाग मरतो तो कायमचा जातो. विंचवाच्या विषाने दमलेले हृदय मात्र, रुग्ण त्यातून वाचल्यास, बहुधा काही दिवसांत किंवा आठवड्यांत पूर्ववत होते. ज्या मुलाला तीन रात्रींपूर्वी श्वास घेता येत नव्हता, ते पुन्हा शाळेत जाते. त्याला जन्मभर गोळ्या घ्याव्या लागत नाहीत.

घरातील व्यवस्थेविषयी थोडे. लाकडांचा ढीग झोपण्याच्या खोलीच्या भिंतीला लागून रचू नये. लाकूड काढताना ढिगात हात न घालता काठीने आधी हलवावे. सोडणे व रिकाम्या गोण्या स्वयंपाकघरात साठवू नयेत. मुलांची अंथरुणे भिंतीपासून हातभर दूर घालावीत आणि मच्छरदाणीच्या कडा खाली खोचाव्यात. डास व विंचू दोन्ही बाहेर राहतात. चिऱ्यांच्या भिंतींच्या फटी मातीने किंवा सिमेंटने लिंपाव्यात. शाळेचे बूट व चर्चला जाताना घालावयाचे बूट, विशेषतः जे आठवड्यातून एकदाच निघतात ते, पायात घालण्यापूर्वी उलटे करून आपटावेत. कोंबड्या विंचू टिपून खातात, पण कोंबड्या रात्री निजतात आणि विंचू रात्रीच फिरतो, तेव्हा त्यांच्या भरवशावर राहू नये. जांभळ्या प्रकाशाच्या लहान विजेऱ्या आता स्वस्तात मिळतात. त्यांच्या अतिनील किरणांत विंचवाचे अंग हिरवट-निळे चमकते आणि काळोखात तो सहज दिसतो. मुलांना हा शोध फार आवडतो. मात्र तो पायात बूट घालूनच करावा.

ज्यांचा ग्रामपंचायतीशी किंवा आरोग्य केंद्राशी संबंध येतो, अशा आमच्या वाचकांना एक काम सांगावयाचे आहे. मार्च महिना संपण्यापूर्वी एकदा आपल्या जवळच्या केंद्रात जाऊन विनयाने विचारावे की प्रॅझोसिनच्या गोळ्या कपाटात आहेत काय, विंचवाची लस आहे काय, आणि नसल्यास ती कोठे मिळते. तेथील डॉक्टर व परिचारिका असा प्रश्न विचारल्याबद्दल रागावत नाहीत. जे उत्तर मिळेल ते १०८ क्रमांकाच्या शेजारी, देव्हाऱ्याखाली अथवा दाराच्या आतल्या बाजूस, मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवावे, म्हणजे घरात मोठे माणूस नसताना शेजारणीलाही ते वाचता येईल.